वाटेत अडकलेले पैसे

कोल्हापूर, १२ जून २०२५

प्रिय केतन,

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. क्षमावाणीला दरवर्षी क्षमा मागणारा एक संदेश पाठवला, तोही सगळ्यांना पाठवते तोच. आज मात्र आण्णांच्या बाजूच्या बाकावरून उठून आले ती थेट कागद घेऊनच बसले. तुझ्या लेखी म्हणण्यावर ई-मेल दिला आहेस, त्यावर या पानांचे फोटो पाठवते. वाचायचं की नाही ते तू ठरव. पण आज कोर्टात जे झालं ते आजच्या आज तुला कळलं पाहिजे, असं वाटून मी कसबा बावड्यातल्या कोर्टापासून रिक्षात नुसती वाक्यं जुळवत आले.

आधी एक सांगते. शिपाई बाहेर येऊन "बापूसो मगदूम विरुद्ध केतन बापूसो मगदूम" असं ओरडतो तेव्हा व्हरांड्यातली अनोळखी माणसंसुद्धा मान वळवून बघतात. आण्णा त्या वेळी चपलेकडे बघतात. दोन वर्षं झाली तुझ्यावर पैशांचा दावा लावून, अजून सवय झालेली नाही त्यांना.

तुझी संयोगिता वकील फार हुशार आहे. वय असेल तिशीचं. तिची फी तू तीनदा पाठवलीस आणि बँकेनं तीनदा परत केली, हे तिनं स्वतः कोर्टात सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून. म्हणाली, माझ्या अशिलाकडे पैसे आहेत, ते मला द्यायची त्यांची इच्छा आहे, मला घ्यायची इच्छा आहे, तरी मॉस्कोतून कोल्हापूरला पैसे पोचत नाहीत. वर बँकेतून मला फोन येतो, की तुमचा रशियाशी काय संबंध? सगळे हसले. आमचे अमरसिंह इंगवले वकीलसुद्धा हसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हसायला नको होतं.

तिचा अर्ज होता, तुझी साक्ष तिथल्या भारतीय दूतावासात बसून पडद्यावरून घ्यावी असा. इंगवलेंनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, हे आर्थिक निर्बंध युरोपनं आणि अमेरिकेनं रशियावर घातलेत, भारतानं घातलेले नाहीत. त्यांच्या हुकमानं कोल्हापूरचं कोर्ट चालत नाही. तेव्हा निर्बंधांमुळे पैसे अडकले हा बचावच इथे घेता येत नाही, मग साक्ष कशाला? आण्णांनी जोरात मान हलवली. मलाही क्षणभर ते पटलं, खरं सांगते.

न्यायाधीश बाई आहेत, कमी बोलतात. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तो हुकूम इथं लागू नाही, मान्य. पण त्या हुकमामुळं एखाद्या बँकेनं पैसे धरून ठेवले की नाही, ही घडलेली गोष्ट आहे. ते पैसे प्रतिवादीच्या हातात आले होते का, एवढंच मला बघायचंय."

केतन, मी बाकावर पुढे सरकून बसले. दोन वर्षं आम्ही फ्रँकफर्ट, युरोप, डॉलर, रुबल असलं काय काय ऐकत होतो, आणि बाईंनी ते एका वाक्यात आणून ठेवलं. चाळीस किलोचे पैंजण तू फेब्रुवारी २०२२ मध्ये विकलेस. व्यापाऱ्यानं पैसे भरले. आपल्या खात्यावर आले नाहीत. मधे कोण? आण्णांच्या लेखी मधे तूच. बँकेच्या लेखी मधे आणखी एक बँक. ती फ्रँकफर्टची बँक संयोगिताला दोन ओळींचं उत्तर देते, की निर्बंधांच्या नियमांमुळे आम्ही त्रयस्थाला माहिती देऊ शकत नाही. तिकडची रशियन बँक उत्तरच देत नाही. पैसे भरणारा व्यापारी दुकान बंद करून गेला. म्हणजे तुझं म्हणणं खरं असलं तरी ते सांगायला जगात कुणी मोकळं नाही.

अर्ज मंजूर झाला. तुझी साक्ष पडद्यावर होणार. पण बाईंनी हेही सांगितलं, की नुसत्या तोंडी सांगण्यानं भागणार नाही, कागद लागेल. तसा एखादा कागद असता तर दावा तिथल्या तिथे संपला असता.

बाहेर आल्यावर आण्णा म्हणाले, "पैसं वाटंत अडकल्यात म्हणं. एस.टी. हाय व्हय ती, घाटात अडकायला?"

तुझी,
अक्का


कोल्हापूर, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय केतन,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती. तरी रोज सकाळी बघते.

आज हुपरीला जाऊन आले. इंगवलेंनी पाठवलं होतं. आपले कारागीर बाळासो कांबळेंनी साक्ष द्यावी, की ते चाळीस किलोचे पैंजण त्यांच्याच घरात झाळून घडवले आणि केतनच्या हातात दिले, एवढ्यासाठी. एस.टी.तून उतरले ती अमरसिंह वकिलांची प्रश्नांची यादी हातात धरूनच. मी त्या घरी चार वर्षांत गेले नव्हते. पेढीवरून चांदी पाठवायची, तयार माल वजन करून घ्यायचा, सगळं माणसाकरवी.

बाळासो भट्टीपुढे बसले होते. नळीनं फुंकून एकेक कडी सांधत होते आणि माझ्याकडे न बघताच सगळं ऐकत होते. मग म्हणाले, पैंजण दिले हे सांगतो, कारण दिलेत. पण पैसे केतननं खाल्ले असं माझ्या तोंडातून येणार नाही. मी म्हटलं, तसं म्हणायला कुणी सांगत नाही. तेवढ्यात बाळासोंच्या बायको बायडाबाई आतून घुंगरांची पाटी घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच माझी झडती घेतली.

"आमची मजुरी कुणी भागवली ठावं हाय काय तुला? केतननं तिकडनं फोन केलता, मावशी, पैसं अडकल्यात, पर तुमची मजुरी थांबनार न्हाय. त्याच्या दोस्ताकडनं, त्या वृषभकडनं, आपली मोटरसायकल इकून पैसं पोच केलं. चोर मोटरसायकल इकतो व्हय गं?"

मला हे माहीत नव्हतं, केतन. मोटरसायकल गेली एवढंच माहीत होतं. आण्णा म्हणाले होते, बघा, पळून गेला तो गेला, गाडीसुद्धा फुकून टाकली. 

बायडाबाईंनी चहा दिला, दोन वेळा दिला, आणि दुसऱ्या वेळी विचारलं, की तू तर शिकलेली, तुला कसं कळलं नाही? मी म्हटलं, कागद नव्हता ना मावशी. त्या हसल्या. त्यांचं घर आणि आपलं घर यांच्यात पन्नास वर्षं किती चांदी गेली आणि आली, सगळी शब्दावर. कुणी सही केली नाही. चांदी दिली की चांदी परत यायची, या हातातून त्या हातात. म्हणूनच आण्णांना तुझं पटत नाही, हे मला आज परतीच्या एस.टी.त कळलं. त्यांच्या धंद्यात माल आणि पैसा यांच्यामधे नेहमी माणूस असतो. नावाचा, गावाचा, ज्याच्या घरी जाऊन दारात बसता येतं असा. देणारा म्हणतो दिले, घेणारा म्हणतो मिळाले नाहीत, तर मग मधल्या माणसानं खाल्ले. दुसरं काही असूच शकत नाही. मधे एखादं यंत्र असेल, एखादा नियम असेल, ज्याला तोंड नाही आणि दार नाही, हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. त्यांनी तुला वाईट समजून चोर ठरवलं नाही. त्यांना मधे दुसरं कुणी दिसलंच नाही.

हे मला इतकं स्पष्ट दिसलं की शेजारच्या बाईला सांगावंसं वाटत होतं.

आण्णांच्या बाजूनं माझ्या साक्षीचं, सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र गेल्या महिन्यात झालं. अकरा परिच्छेद. नवव्या परिच्छेदापाशी मी थांबले, तीनदा वाचला, मग सही केली. उलटतपासणी १९ सप्टेंबरला.

अक्का


कोल्हापूर, ८ सप्टेंबर २०२५, क्षमावाणी

केतन,

सकाळपासून पन्नासेक संदेश आले. वर्षभरात जाणते-अजाणतेपणी मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मीही पाठवले. बस्तीत दर्शनाला गेले तर शेजारच्या एका आजींनी माझे हात धरून क्षमा मागितली. त्यांनी माझं काय वाईट केलं ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. मग तुझं नाव समोर आलं आणि माझं बोट तिथे थांबलं. तीन वर्षं मी तुला हेच पाठवत आले. जाणते-अजाणतेपणी. त्यातला एक शब्द खोटा आहे.

मी जाणतेपणी केलं.

पाकीट आलं होतं, केतन. १९ मार्च २०२२, शनिवार, दुपारी. तुझ्या ओळखीचा कुणी सांगलीचा माणूस मॉस्कोहून आला होता, त्यानं ते मुंबईतून पोस्टात टाकलं होतं. आत मॉस्कोच्या बँकेचा कागद, निळा शिक्का, पैसे निर्बंधांच्या नियमाखाली फ्रँकफर्टला धरून ठेवलेत असं इंग्रजीत दोन वाक्यांत लिहिलेलं. सोबत तुझी चिठ्ठी, की अक्का, आण्णांना मोबाईलवरचं काही पटत नाही, हा शिक्क्याचा कागद त्यांना दाखव, जपून ठेव, बँक दुसरा देणार नाही. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी म्हटलं, काही आलं नाही.

का, ते मी माझ्या वहीत इतक्या वेळा लिहिलंय की आता त्या कारणांना वळण आलंय. म्हणून इथे पहिल्यांदा लिहिलं होतं तेच लिहिते. आदल्या दिवशी आण्णा म्हणाले होते, "भाग्यश्री, उद्यापास्नं पेढीवर तू बस." एवढंच. मी बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, पुढं काय, आणि उत्तर ऐकायच्या आत उठून गेले होते. त्यानंतर वीस वर्षांनी हे वाक्य. गुजरीत आपल्या पेढीच्या गादीवर बाई बसलेली बघायला समोरचे सराफ मुद्दाम चहा घेऊन यायचे. मला ते आवडलं. भाव सांगायला आवडलं. आण्णा गिऱ्हाइकाला "तिला इचारा" म्हणायचे ते तर फारच आवडलं. तो कागद दाखवला असता तर तू परत आला असतास, आणि मी पुन्हा रविवारी माहेरी येणारी.

आधी वाटलं, आण्णांचा राग उतरला की दाखवू. मग वाटलं, पैसे सुटले की आपोआप मिटेल. मग दावा लागला. मग इंगवलेंनी विचारलं, केतनकडून काही कागद आला होता का? मी नाही म्हटलं. तोच नववा परिच्छेद. आता तो नुसता लबाडीचा राहिला नाही, शपथेवरचा झाला.

कागद माझ्याकडे आहे. २०२२ च्या वहीत, १९ मार्चच्या पानात. फाडला नाही. का फाडला नाही याचं श्रेय घ्यायचा मोह होतो, पण घेत नाही. मला फक्त कागद फाडायची सवय नाही.

हे लिहिताना मला इतकं हलकं वाटतंय की त्याचीच शंका येते. माणसाला इतकं वाईट वागल्यावर इतकं हलकं वाटू नये. पण वाटतंय.

आता हे पत्र तुझ्याकडे आहे. संयोगिताला पाठव. १९ तारखेला ती मला एका प्रश्नात उघडं पाडू शकते. तिनं तसंच करावं. मी कागद पर्समध्ये घेऊन जाणार आहे.

भाग्यश्री


कोल्हापूर, १९ सप्टेंबर २०२५

प्रिय केतन,

कुठून सुरू करू? क्रमानं सांगते, नाहीतर मीच गोंधळेन.

अकराला पुकारा झाला. मी पिंजऱ्यात गेले. ईश्वराची शपथ न घेता प्रतिज्ञेवर सांगते म्हटलं, बाईंनी मान हलवली. संयोगितानं सुरुवात केली. तू मॉस्कोला कधी गेलास, माल कुणी बांधला, पेढीचे व्यवहार कोण बघतं. मी प्रत्येक उत्तर देताना पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. आता विचारेल. आता. तिनं पैंजणांची वजनं विचारली. बाळासोंची मजुरी विचारली. आण्णा आणि तू शेवटचे कधी बोललात ते विचारलं. मग फाईल मिटली आणि म्हणाली, आणखी प्रश्न नाहीत.

मी तशीच उभी. तू पत्र पाठवलंच नाहीस तिला. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायलाच हवं. सुटले, हे आलं. अगदी स्पष्ट, शब्दात. मला खाली उतरून जाता आलं असतं. शिपाई पुढचं नाव पुकारायला दाराशी गेलासुद्धा.

मी म्हटलं, "मॅडम, माझ्या प्रतिज्ञापत्रातला नववा परिच्छेद खोटा आहे."

इंगवले वकील उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. म्हणाले, साक्षीदार थकल्यात. मी म्हटलं, थकलेली नाही, चांगली ताजी आहे. मागे कुणीतरी हसलं. बाईंनी हात वर केला आणि मला विचारलं, काय खोटं आहे? मी सांगितलं. पाकीट, तारीख, निळा शिक्का, चिठ्ठी. पर्समधून काढून दिलं. बाईंनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला, चिठ्ठी वाचली, आणि विचारलं, "तीन वर्षं का दिला नाही?" मी म्हटलं, पेढीवर बसायचं होतं म्हणून. हे वाक्य बाईंनी जसंच्या तसं टंकलेखकाला सांगितलं. आता ते कोर्टाच्या कागदावर आहे. कागद पुराव्यात घेतला, त्याला निशाणी चौसष्ट हा क्रमांक मिळाला. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा मला पंधरा दिवसांत द्यायचा आहे. देईन. खुलासा एका ओळीचाच आहे.

या सगळ्यात मी आण्णांकडे बघितलं नव्हतं. उतरल्यावर बघितलं. ते बाकावर नव्हते.

व्हरांड्यात संयोगिता माझ्यामागे धावत आली. रागावली होती आणि हसतही होती. म्हणाली, केतननी मला आठ तारखेला रात्री लिहिलं, की अक्काला कागदपत्रांबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही. मी भांडले. म्हटलं, कसला कागद, सांगा तरी. तर म्हणाले, ते नाही सांगणार, तिला विचारायचं नाही म्हणजे नाही. माझ्या वकिलीत अशिलानं स्वतःच्या विरुद्ध दिलेली ही पहिली सूचना.

 तुझं उत्तर मला असं मिळालं. तू मला वाचवत होतास की मला बोलायला जागा ठेवत होतास, हे मी तुला विचारणार नाही. दोन्ही उत्तरं मला जड जातील.

आण्णा कॅन्टीनमध्ये होते. समोर इंगवले. आण्णांच्या पुढ्यातला चहा तसाच. मी जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं ओरडतील, सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं. त्यांनी खुर्ची पायानं पुढे सरकवली. मी बसले.  मग म्हणाले, पेढीवर बसायचं होतं तर तसं सांगायचं होतंस. मी म्हटलं, तुम्ही ऐकलं असतं? ते म्हणाले, "न्हाय." मग थोड्या वेळानं, "तवा न्हाय."

इंगवले घाईत होते. म्हणाले, बापूसो, आता यात दम राहिला नाही. साधी पुरसिस देतो, दावा काढून घेतला असं लिहून, आजच विषय संपवू. चारचौघांत शोभा नको. मलाही वाटलं हे ठीक आहे. मी पेनसुद्धा पुढे केलं.

आण्णांनी पेन बाजूला सारलं.

"काढून घ्यायचा न्हाय दावा."

इंगवले म्हणाले, अहो, तुम्ही हरणार. कागदच तसा आहे.

"मग हरू की. मी दावा काढून घेतला तर गुजरीत काय म्हनतील? बापानं पोराचं पाप पोटात घातलं म्हनतील. चोर त्यो चोरच ऱ्हाईल. मी चार मानसांत त्याला चोर म्हटलं, कोर्टात लिहून दिलं. आता कोर्टानं लिहून दिऊ दे, की बापूसो मगदूम खोटा हाय आन् त्याचं पोरगं खरं. शिक्क्यासकट. मला हरायचंय, वकीलसाब. चांगलं ठासून हरायचंय. तुमी फकस्त मधी येऊ नगा."

इंगवले माझ्याकडे बघायला लागले, जणू मी भाषांतर करून देणार होते. तीस वर्षांच्या वकिलीत त्यांना हरवून द्या म्हणणारा अशील भेटला नसणार. शेवटी म्हणाले, मग तुमची फी तरी कशी घेऊ? आण्णा म्हणाले, पुरी घ्या, हरायला जास्त अक्कल लागती.

केतन, तुझी साक्ष १४ ऑक्टोबरला आहे. इथले दुपारचे अडीच, तुझ्याकडचे बारा. दूतावासात अर्धा तास आधी जा. तुला प्रश्न संयोगिता विचारेल, नंतर इंगवले विचारतील, आणि ते अवघड काही विचारणार नाहीत याची आण्णांनी व्यवस्था केली आहे. हे मी लिहायला नको होतं बहुतेक. राहू दे.

निघताना आण्णा संयोगितापाशी गेले. दोन वर्षं त्यांनी तिच्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं. हात मागे बांधून विचारलं, त्यो पडद्यावर मला दिसंल हे कळलं, पर मी त्याला दिसतो काय? ती म्हणाली, कॅमेरा बाईंच्या टेबलावर आहे, तो फिरत नाही. समोर डावीकडे दुसरा बाक आहे, तिथं बसलेला माणूस तिकडं दिसतो.

आण्णा परत आत गेले. कोर्टरूम रिकामी होती. त्या बाकावर जाऊन बसले, थोडे उजवीकडे सरकले, टोपी नीट केली, आणि बंद कॅमेऱ्याकडे बघत राहिले. शिपाई किल्ल्या वाजवत आला तेव्हा म्हणाले, दोन मिन्टं थांब पावन्या, अजून जागा ठरतीया.

अक्का